पुस्तकातून पहिली विंडो: टीकेइंटर शिकणाऱ्या नवख्यांसाठी

पायथनची तोंडओळख झाली, काळ्या पडद्यावर आकडे विचारून उत्तर छापणारे प्रोग्राम लिहून झाले, की पुढची इच्छा ठरलेली असते: आपल्या प्रोग्रामलाही बटणं हवीत, भरायच्या चौकटी हव्यात. मग नवशिक्यांसाठीचं एखादं पुस्तक आणलं जातं. पहिल्या प्रकरणात विंडो उघडते, दुसऱ्यात बटण येतं, रंग बदलतात, मजा येते. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या आसपास गाडी अडते आणि पुस्तक फळीवर जातं. माझ्या मते याचं कारण एकच आहे. बटणं अवघड नसतात, पण प्रोग्राम चालायची दिशाच इथे उलटी होते, आणि ही गोष्ट बहुतेक पुस्तकं एका ओळीत उरकतात. ती ओळ नीट समजली तर उरलेलं पुस्तक भरभर वाचून होतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

उदाहरण म्हणून पायथनसोबत येणारं टीकेइंटर घेतलं आहे, म्हणजे विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी. एक सूचना आधीच: फंक्शनांची आणि विजेट्सची (बटण, चौकट, लेबल अशा विंडोतल्या घटकांची) नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती पुस्तकात असतील तशी रोमन अक्षरांतच करायची.

सुरुवात करण्याआधी

इफ, लूप, लिस्ट आणि फंक्शन एवढं हातात बसलेलं असावं. त्यातही फंक्शन. 'फंक्शन लिहिणं' आणि 'फंक्शन चालवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोळे मिटून सांगता येत नसेल, तर आधी पायथनच्या पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा करा. क्लास आला नाही तरी सध्या चालेल.

पुस्तक कसं पारखायचं

टीकेइंटरवरची जुनी पुस्तकं अजूनही विकली जातात, ग्रंथालयांत तर हमखास सापडतात. पारख सोपी आहे. पहिल्या उदाहरणातली इम्पोर्टची ओळ बघा. तिथे टीकेइंटरचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल, तर पुस्तक पायथन २ च्या काळातलं आहे. पायथन ३ मध्ये ते नाव पूर्ण लहान अक्षरांत झालं, आणि पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला. असं पुस्तक फुकट मिळालं तरी नवख्या माणसाने घेऊ नये. प्रत्येक उदाहरण आधी दुरुस्त करायचं आणि मग शिकायचं, यात निम्मी उमेद खर्ची पडते.

दुसरी पारख: पुस्तकात टीटीके आहे का? हा त्याच विजेट्सचा नंतर आलेला, दिसायला नीटस संच आहे. त्यावर एखादं तरी प्रकरण असावं. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची पारख: अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रकरण म्हणजे एक विजेट, अशी नुसती यादी असेल तर ते संदर्भपुस्तक आहे. शिकण्यासाठी असं पुस्तक हवं की ज्यात एखादा छोटा प्रोग्राम पानागणिक वाढत जातो.

मशीन तयार करणं

विंडोजवर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या इन्स्टॉलरमध्ये टीकेइंटर आपोआप येतं. उबुंटू किंवा डेबियनवर बहुधा ते वेगळं घ्यावं लागतं. पॅकेजचं नाव पायथन३-टीके. टर्मिनलमध्ये पायथनला 'एम' पर्याय देऊन टीकेइंटर चालवलं, की एक इवलीशी विंडो उघडते आणि तिच्यावर टीकेची, म्हणजे टीकेइंटरच्या खाली खिडक्या काढणाऱ्या संचाची, आवृत्ती लिहिलेली दिसते. ती दिसली म्हणजे तयारी झाली.

फाइलला नाव देताना एक पथ्य पाळा. सरावाच्या फाइलचं नाव टीकेइंटर ठेवू नका. तसं केलंत तर इम्पोर्ट करताना पायथन खऱ्या टीकेइंटरऐवजी तुमचीच फाइल उचलतो, आणि 'अमुक गोष्ट सापडत नाही' असा बुचकळ्यात पाडणारा एरर देतो.

पहिली विंडो, आणि ती एक ओळ

पुस्तकातलं पहिलं उदाहरण साधारण चार ओळींचं असतं: इम्पोर्ट, विंडो तयार करणं, एखादं लेबल, आणि शेवटी मेनलूप. पुस्तक म्हणतं, 'मेनलूप विंडो चालू ठेवतो', आणि पुढे सरकतं. तुम्ही इथेच थांबा.

आजवर तुमचा प्रोग्राम वरून खाली चालत होता. तुम्ही प्रश्न विचारायचात, वापरणाऱ्याने उत्तर द्यायचं, तुम्ही पुढची ओळ चालवायचीत. क्रम तुमच्या हातात होता. विंडोच्या प्रोग्राममध्ये तो वापरणाऱ्याच्या हातात जातो. तो आधी बटण दाबेल, चौकट रिकामी ठेवेल, विंडो लहान करेल, मध्येच बंद करेल. म्हणून तुमच्या ओळी फक्त मांडामांड करतात आणि कोणत्या घटनेला कोणतं फंक्शन चालवायचं हे नोंदवून ठेवतात. मग मेनलूप ताबा घेतो. माऊसची क्लिक, कीबोर्डची कळ, 'विंडो पुन्हा रंगव' अशी सूचना, या सगळ्या घटना रांगेत येतात. मेनलूप एक घटना उचलतो, तिच्यासाठी नोंदवलेलं फंक्शन चालवतो, ते पूर्ण संपेपर्यंत थांबतो आणि मगच पुढची उचलतो. एसटी स्टँडवर आरक्षणाची एकच खिडकी उघडी असावी तसं हे आहे: आतल्या माणसाचं एका प्रवाशाशी काम चालू आहे तोवर मागची रांग हलत नाही.

हे वाचून पटेल, पण करून पाहिल्याशिवाय अंगी लागणार नाही. मेनलूपच्या आधी एक प्रिंट लिहा, नंतर एक लिहा. चालवा. पहिली ओळ लगेच छापली जाईल. दुसरी कधी छापली जाते, ते विंडो बंद करून पाहा. मग मेनलूपची ओळच काढून टाका आणि पुन्हा चालवा. हा प्रयोग टर्मिनलमधून करा, पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमधून नको. आयडल स्वतः टीकेइंटरमध्येच लिहिलेलं आहे, आणि त्यातून चालवलेल्या प्रोग्रामच्या घटना ते मागच्या मागे हाताळतं. त्यामुळे मेनलूप नसतानाही विंडो शाबूत राहते आणि प्रयोगाचा अर्थच हरवतो.

बटण, आणि कंस न लावण्याची सवय

बटणाला 'कमांड' म्हणून फंक्शनचं नाव द्यायचं असतं, कंसांशिवाय. कंस लावले तर फंक्शन बटण तयार होतानाच चालून मोकळं होतं, आणि त्याने परत दिलेली किंमत, बहुतेक वेळा नन (पायथनचं 'काहीच नाही'), बटणाला चिकटते. लक्षणं ठरलेली: प्रोग्राम सुरू होताच काहीतरी छापलं जातं, नंतर बटण कितीही दाबा, ढिम्म. मेनलूप समजला असेल तर हा नियम पाठ करावा लागत नाही. तुम्ही फंक्शन चालवत नाही आहात, ते मेनलूपच्या स्वाधीन करत आहात.

फंक्शनला काही माहिती द्यायची असेल तेव्हा पुस्तकात लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं छोटं फंक्शन, येतो. लूपमध्ये दहा बटणं बनवून प्रत्येकाला लॅम्डा दिला की सगळी बटणं शेवटचाच आकडा सांगतात, कारण लॅम्डा चलाची किंमत दाबण्याच्या क्षणी बघतो, बनवण्याच्या क्षणी नाही. लॅम्डाच्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट म्हणून ती किंमत द्या, म्हणजे ती तिथल्या तिथे पकडली जाते. कॅल्क्युलेटरचं उदाहरण जवळपास प्रत्येक पुस्तकात असतं आणि हा प्रश्न तिथे भेटतोच.

स्वतःचा एक प्रोग्राम धरून ठेवा

पुस्तकातली उदाहरणं टाइप करा, कॉपी-पेस्ट करू नका. पण तेवढ्यावर थांबू नका. शेजारी आपला एक प्रोग्राम सुरू करा आणि प्रत्येक प्रकरण वाचून झालं की त्यात भर घाला. मी सुचवेन तो सातबाऱ्याचा. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, गावात बोलणं मात्र एकर-गुंठ्यांत चालतं. दोन चौकटी, एक बटण, एक उत्तर. हिशेब असा: एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७१४ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर. एका हेक्टरचे २ एकर १८.८४ गुंठे आले पाहिजेत.

हे गणित विंडोच्या कोडमध्ये मिसळू नका. एक स्वतंत्र फंक्शन लिहा, जे हेक्टर आणि आर घेतं, एकर आणि गुंठे परत देतं, आणि ज्याला चौकट, बटण, लेबल यांतलं काहीही माहीत नाही. पुस्तकं सहसा हे शेवटच्या प्रकरणात सांगतात. मी पहिल्या दिवसापासून आग्रह धरेन, कारण मग गणित विंडो न उघडता तपासता येतं.

तपासायचं कसं, तेही पाहा. एकूण गुंठ्यांना ४० ने भागून पूर्ण भाग एकर आणि बाकी गुंठे, असं सरळ लिहिलंत आणि २ हेक्टर २.३४ आर दिलेत, तर उत्तर येईल ४ एकर ४०.०० गुंठे. असं क्षेत्र कुणी सांगत नाही! खरे गुंठे भरतात १९९.९९७, भागाकारात एकर ४ मिळतात, बाकी ३९.९९७ उरते, आणि दोन दशांश दाखवताना तिचे ४०.०० होतात. आधी एकूण गुंठे दोन दशांशांवर आणा, मग भागा. उत्तर ५ एकर ० गुंठे येईल. अशा चुका विंडोत शोधत बसलं तर दिवस जातो. वेगळ्या फंक्शनमध्ये त्या लगेच दिसतात.

चौकटीतून येतो तो मजकूर

एन्ट्रीच्या चौकटीतून 'गेट' केलं की हाती येते ती स्ट्रिंग. फ्लोटमध्ये बदलल्याशिवाय गणित होत नाही, आणि चौकट रिकामी असेल तर फ्लोट व्हॅल्यूएरर देतो. तो ट्राय-एक्सेप्टने पकडा आणि काय चुकलं ते लेबलवर साध्या मराठीत लिहा: 'आर या चौकटीत आकडा भरा'. दर चुकीला मेसेजबॉक्स उघडून माणसाला ओके दाबायला लावू नका.

मराठी वाचकाला आवडेल अशी एक गोष्ट. पायथनचे इंट आणि फ्लोट देवनागरी अंक थेट समजतात. चौकटीत १२.५ असं देवनागरीत लिहिलं तरी गणित बरोबर होतं, वेगळं काही करावं लागत नाही. स्वल्पविराम मात्र चालत नाही, १,२०,००० लिहिलं की एरर; तो आधी काढून टाका. पायथन ३ मध्ये चलांची नावंही देवनागरीत ठेवता येतात. सरावाला गुंठे, एकर अशी नावं ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त काही कीबोर्ड 'ऱ्य' लिहिताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात, ते नावात आलं की पायथन अडतो.

मांडणी

पॅक, ग्रिड आणि प्लेस असे तीन मार्ग पुस्तक शिकवेल. भरायच्या फॉर्मसाठी ग्रिड घ्या. आधी वहीच्या पानावर ओळी आणि स्तंभ आखून काढा, मगच टाइप करा. प्लेस सध्या विसरा. दुसऱ्या मशीनवर अक्षरांचा आकार बदलला की त्याची मांडणी कोसळते. एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड एकत्र करू नका, वेगवेगळ्या फ्रेममध्ये खुशाल करा.

नवख्यांना सगळ्यात जास्त छळणारी चूक याच प्रकरणात आहे. एन्ट्री तयार करून त्याच ओळीत पुढे ग्रिड जोडायचं आणि सगळं चलात ठेवायचं. ग्रिड परत देतं नन. मग चलात चौकट नसतेच, आणि बटण दाबल्यावर 'ननकडे गेट नाही' असा एरर येतो. दोन ओळी करा: एकीत चौकट बनवा, दुसरीत ती मांडा.

एरर कुठे दिसतात

बटणाच्या फंक्शनमध्ये चूक झाली तर टीकेइंटर प्रोग्राम बंद पाडत नाही. एरर टर्मिनलमध्ये छापला जातो आणि विंडो काही घडलंच नाही अशी चालू राहते. 'बटण चालत नाही' असं वाटलं की आधी टर्मिनल बघा, आणि छापलेल्या मजकुराची शेवटची ओळ पहिल्यांदा वाचा.

कधी कधी एररमध्ये पायथनचं वाटतच नाही असं काही दिसतं: टिंबाने सुरू होणारी विजेटची नावं, त्यांत उद्गारचिन्हं, टीसीएलएरर असा शब्द. घाबरू नका. टीके मुळात पायथनसाठी नव्हतंच. जॉन आउस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे असताना स्वतःच्या टीसीएल भाषेसाठी ते बनवलं. टीकेइंटर हा त्यावरचा पायथनचा पूल आहे, आणि खाली आजही टीसीएलच चालतं. म्हणून बंद झालेल्या विंडोतल्या लेबलवर लिहायला गेलात तर तक्रार टीसीएलच्या भाषेत येते. त्या टिंबाच्या नावात कोणतं विजेट आहे एवढं ओळखता आलं की पुरे.

विंडो गोठते तेव्हा

पुस्तकात घड्याळ किंवा टायमर करायला सांगितलेला असतो. हात आपोआप टाइम मॉड्यूलच्या स्लीपकडे जातो, आणि विंडो गोठते. कारण तुम्हाला आता माहीत आहे: तुमचं फंक्शन संपेपर्यंत मेनलूप पुढची घटना उचलत नाही, विंडो रंगवतसुद्धा नाही. त्याऐवजी 'आफ्टर' वापरा. 'एक हजार मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालव' असं सांगायचं आणि लगेच परतायचं. फंक्शनने शेवटी स्वतःसाठीच पुन्हा आफ्टर लावलं की घड्याळ चालू राहतं. इथेही फंक्शनच्या नावाला कंस नाहीत. मोठी फाइल उतरवण्यासारखं काम असेल तर थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रामची शेजारी चालणारी दुसरी वाट, लागतो. तेव्हा विजेट्सना फक्त मुख्य थ्रेडमधूनच हात लावा. पण ते प्रकरण पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल.

चित्रांचं प्रकरण करताना फंक्शनच्या आत लोड केलेलं चित्र दिसत नसेल तर कोड पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. फंक्शन संपलं की पायथन ते चित्र मेमरीतून काढून टाकतो. लेबलच्याच एखाद्या गुणधर्मात ते धरून ठेवा.

क्लास कधी

ग्लोबल हा शब्द दोन-तीन फंक्शनांत लिहावा लागला की क्लासचं प्रकरण उघडा. त्याआधी नाही. गरज जाणवली नसताना शिकलेला क्लास नुसता सोपस्कार वाटतो. गरज लागल्यावर शिकलात तर सगळी विजेट्स 'सेल्फ'वर का ठेवतात हे एका बैठकीत कळतं. सातबाऱ्याचा प्रोग्राम तेव्हा पुन्हा पहिल्यापासून, पुस्तक मिटून, क्लासमध्ये लिहून काढा. गणिताचं फंक्शन आहे तसंच उचलता आलं पाहिजे. आलं नाही, तर त्यात विंडोचा काहीतरी भाग शिरलेला आहे.

मराठी अक्षरं आणि पुढचा टप्पा

विंडोजवर टीकेमध्ये देवनागरी लेबलं सहसा नीट दिसतात. लिनक्सवर टीकेच्या ८.६ या आवृत्तीत मात्र जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. दोष तुमच्या कोडचा नाही, फाँटचाही नाही. अक्षरं जुळवण्याची सोयच तिथे तोकडी आहे. लिनक्सवर मराठी इंटरफेस हवा असेल तर पुढचा अभ्यास क्यूटी या दुसऱ्या विंडो-लायब्ररीचा करा, त्यात देवनागरी व्यवस्थित जुळते. तिथे मेनलूपऐवजी एक्झेक आणि कमांडऐवजी सिग्नल-स्लॉट भेटतील, पण चालण्याची रीत तीच आहे. टीकेइंटर पक्कं केलेल्याला नवी नावं शिकावी लागतात, नवा विचार नाही.

दुसऱ्याच्या हातात देणं

प्रोग्राम ज्याला खरंच लागणार आहे त्याला द्या: शेतीचे कागद सांभाळणारे घरातले काका, आत्या, कुणीही. त्यांच्याकडे पायथन नसेल तर पायइन्स्टॉलरने एक्सई फाइल बनवता येते. विंडोजसाठीची विंडोजवरच बनवावी लागते. मग शेजारी बसा आणि काही न सांगता बघत राहा. ते आकडा लिहितील आणि एंटर दाबतील. काहीच होणार नाही, कारण तुम्ही फक्त बटणाला फंक्शन दिलं आहे. चौकटीवर रिटर्न (टीकेमध्ये एंटरचं नाव) ही कळ 'बाइंड' करा, म्हणजे तिला फंक्शन जोडा. बाइंडने जोडलेल्या फंक्शनला घटनेची माहिती असलेलं एक आर्ग्युमेंट मिळतं, बटणाच्या कमांडला काहीच मिळत नाही. दोन्हींकडून एकच फंक्शन चालवायचं, तर त्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट किंमत नन द्या. प्रोग्राम उघडताच कर्सर हेक्टरच्या चौकटीत जाईल अशी फोकसची ओळ घाला, टॅबने तो आरच्या चौकटीत जातो ना ते बघा, आणि त्यांना पुन्हा एकदा वापरायला सांगा.